डबी दिसत नाही

जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि डीटीपीवाल्यांना न मागता काम मिळालं. लेटरहेड, बिलबुकं, शिक्के, शाळांचे दाखले, दुकानांच्या पाट्या, सगळीकडे पत्त्याची शेवटची ओळ बदलायची होती. म्हणजे जुनी फाइल शोधायची, उघडायची, एक शब्द बदलायचा आणि परत सेव्ह करायची. या कामात टाइप करायला दोन मिनिटं लागतात आणि फाइल शोधायला वीस.

माळीवाड्याकडच्या अशाच एका दुकानातला हा संवाद. तीन कॉम्प्युटरांवर तीन ठिकाणी पसरलेली कामं एकत्र यावीत म्हणून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याने फळीवर रास्पबेरी पाय-४ नावाचा, लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर ठेवला, त्याला दोन टीबीची पोर्टेबल डिस्क जोडली आणि त्यात फाइली नेटवर्कवर वाटणारं सांबा बसवलं. दुकानात त्याला ‘डबी’ म्हणतात. मामा-भाचे कल्पनेतले आहेत. बिघाड मात्र खरे आहेत, असं यंत्र जिथे जिथे आहे तिथे होणारे.

मामा (फोनवर) : तुझी डबी गेली.

भाचा : गेली म्हणजे नक्की काय झालं?

मामा : दिसत नाही. नेटवर्कवर क्लिक केलं की यायची, आता येत नाही. सकाळपासून पोरं पेनड्राइव्ह घेऊन फिरताहेत.

भाचा : लाल दिवा लागलाय का?

मामा : लागलाय. मधेच विझतो, पण परत लागतो.

भाचा : मग चालू आहे. मामा, न दिसणं आणि बंद असणं यात फरक आहे. ती जी यादी दिसायची ना, ती एसएमबी-१ नावाच्या जुन्या पद्धतीवर चालायची. २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० नव्याने टाकलं की ती पद्धत त्यात येतच नाही. शेअरिंग धडधाकट असलं तरी यादी रिकामी राहू शकते. मी डबीत एक छोटा प्रोग्रॅम टाकला होता, ‘मी इथे आहे’ असं विंडोजला कळेल अशा रीतीने सांगणारा. तो बंद पडला असेल. तुम्ही वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे पत्ता टाका, १९२.१६८.१.२०.

मामा : हे मला सांगतोस, ठीक आहे. त्या पोरांना सांगून बघ. त्यांना चित्र दिसलं तर ते दाबतात. चित्र नाही म्हणजे डबी नाही. आणि खरं सांगू का, त्यांचंच बरोबर आहे. दुकान त्यांनी चालवायचं, तू नाही.

पत्ता टाकल्यावर विंडोजने ०एक्स८००७००३५ हा आकडा दाखवला. नेटवर्कवरचा रस्ता सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. का सापडला नाही ते हा आकडा सांगत नाही. वायर निघाली असो, पत्ता बदललेला असो की फायरवॉलने ४४५ नंबरचं पोर्ट अडवलेलं असो, बऱ्याचदा हाच आकडा येतो. या निरोपावर विसंबून दुरुस्तीला हात घालणाऱ्यांनी अनेक चांगली यंत्रं फॉरमॅट केली असतील.

भाचा : रात्री लाइट गेली होती का?

मामा : नगरमध्ये राहत नाहीस ना आता, म्हणून विचारतोस.

भाचा : तेच झालं. लाइट आल्यावर राउटरने सगळ्यांना पत्ते नव्याने वाटले. तुमचा २० नंबर आता प्रिंटरकडे आहे आणि डबीला २३ मिळालाय. राउटरच्या सेटिंगमध्ये डबीच्या मॅक पत्त्याला एकच आकडा बांधून टाकतो, म्हणजे कितीही वेळा लाइट गेली तरी तोच मिळेल.

मामा : आधी का नाही बांधलास?

याला भाच्याकडे उत्तर नाही. घरी प्रयोग करणारा माणूस पत्ता हलला की दुसरा शोधतो, त्याला त्यात अडचण वाटत नाही. दुकानात तो हलून चालत नाही.

खरी भानगड पुढे, भाचा दुकानात आल्यावर झाली. नव्या पत्त्यावर फोल्डर उघडलं, पण त्यात जुनं काहीच नव्हतं. सोमवारपासून केलेली लेटरहेडं तेवढी होती. कोरलच्या बारा-तेरा वर्षांच्या फाइली, लग्नपत्रिकांचे नमुने, शाळांची ओळखपत्रं, सगळं गायब.

मामा : बघ. व्हायरस आलाय. नाहीतर कुणीतरी उडवलं.

भाचा : थांबा, कुणी काही सेव्ह करू नका. (लॅपटॉपवरून डबीत शिरतो.) डिस्क लागलेलीच नाही मामा. आता लावतो. झालं, बघा.

मामा : आलं की सगळं! पण... सोमवारपासूनची लेटरहेडं कुठायत?

भाचा : ती आता दिसणार नाहीत.

मामा : म्हणजे जुनं परत दिलंस आणि नवं घेतलंस?

हा प्रकार लिनक्समध्ये नवख्याला हमखास चकवतो, म्हणून जरा थांबून सांगायला हवं. विंडोजमध्ये डिस्क जोडली की तिला ई, एफ असं स्वतःचं अक्षर मिळतं, आणि डिस्क काढली की अक्षरही जातं. लिनक्समध्ये डिस्क एखाद्या आधीच असलेल्या रिकाम्या फोल्डरवर ‘चढवतात’. डिस्क चढलेली असेल तर त्या फोल्डरात डिस्कवरचा माल दिसतो. नसेल तर फोल्डर असतंच, फक्त ते डबीच्या छोट्या मेमरी कार्डावरचं असतं. सांबाला यातला फरक कळत नाही. त्याला एवढंच सांगितलेलं असतं की हे फोल्डर वाटायचं. सोमवारी लाइट येऊन डबी सुरू झाली तेव्हा डिस्क चढली नाही. पोरांना रिकामं फोल्डर दिसलं, त्यांनी त्यात काम ठेवलं, आणि ते ३२ जीबीच्या कार्डावर गेलं. आता डिस्क चढल्यावर ते सतरंजीखाली राहिलेल्या नोटांसारखं झालं, जागचं हललेलं नाही पण वर सतरंजी आहे.

भाच्याने डिस्क उतरवली, खालची लेटरहेडं बाजूला काढली, डिस्क परत चढवली आणि लेटरहेडं तिच्यावर आणून ठेवली. हे काम चटकन झालं. डिस्क चढली का नव्हती, याचा शोध अजून बाकी होता.

भाचा : डबीला हा चार्जर कुणी लावलाय?

मामा : तिचा चार्जर फ्लेक्सवाल्या पोराने मोबाइलला नेला. हा घरातला लावला. पिन तीच आहे की.

भाचा : पिन तीच आहे, दम तो नाही. पाय-४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. हा दोन अँपिअरचा आहे, आणि वायर लांब नि बारीक. चालताना व्होल्टेज ४.६३ च्या खाली उतरलं की तो लाल दिवा विझतो. तुम्ही फोनवर सुरुवातीलाच सांगितलं होतंत, मधेच विझतो म्हणून. हा बघा डबीने ठेवलेला हिशेब, ०एक्स५०००५. याचा अर्थ आत्ताही व्होल्टेज कमी आहे, चालू झाल्यापासून आधीही कमी पडलंय, आणि त्यामुळे तिने स्वतःचा वेग उतरवलाय. डिस्कला फिरायला सुरुवात करताना सगळ्यात जास्त करंट लागतो. पायच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात, तेही चार्जर नीट असला तर.

मामा : मागच्या खेपेला तो दुरुस्तीवाला आला होता, त्याने काहीतरी सात-सात-सात केलं आणि चाललं.

भाचा : त्याने सगळ्यांना सगळ्याची परवानगी देऊन टाकली. बिघाड करंटचा होता, त्याने कुलूप काढून ठेवलं. डिस्क त्या दिवशी योगायोगाने चढली, आणि श्रेय सात-सात-सातला गेलं.

मामा : मला योगायोग चालतो. गिऱ्हाईक दारात उभं असताना दुकान चाललं पाहिजे.

भाचा : आणि मग कोण काय पुसतंय याला धरबंध राहत नाही, ते?

मामा : पुसणारी पोरं माझीच आहेत. त्यांना मी बघून घेईन.

इथे मी भाच्याच्या बाजूने आहे. सगळं खुलं करणं हा दुरुस्तीतला सगळ्यात महागडा स्वस्त उपाय. ते केल्यावर यंत्र चाललं तर कारण शोधायची गरज कुणालाच वाटत नाही, आणि नाही चाललं तर आता दोन बिघाड झालेले असतात.

भाच्याने डिस्कसाठी स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब आणवला आणि डबीला तिचा चार्जर परत मिळवून दिला. डिस्कची नोंद तिच्या कायमच्या ओळखक्रमांकाने केली, म्हणजे ती कुठल्याही पोर्टात लागली तरी चालेल. मग एका मुद्द्यावर दोघांचं पुन्हा जुंपलं. सुरू होताना डिस्क सापडली नाही तर डबीने तशीच पुढे जायचं की तिथेच थांबायचं, हे त्या नोंदीत ठरवता येतं. थांबली तर दुकानात कुणालाच काही दिसत नाही आणि डबीला स्क्रीन नसल्याने का ते कळतही नाही. पुढे गेली तर सोमवारसारखं होतं.

भाचा : पुढे जाऊ दे. पण खालच्या रिकाम्या फोल्डरवर असा शिक्का मारतो की डिस्क नसताना त्यात कुणालाच, अगदी सगळे अधिकार असलेल्या रूटलासुद्धा, काही लिहिता येणार नाही. पोरं सेव्ह करायला गेली की लगेच एरर येईल.

मामा : एरर आली की पोरं काय करतात माहितीय? डेस्कटॉपवर सेव्ह करतात. त्यापेक्षा मी सांगतो ते कर. डिस्कवर सगळ्यात वर एक फाइल ठेव, नाव दे ‘डिस्क लागली आहे’. ती दिसली तर काम करायचं. नाही दिसली तर मला हाक मारायची.

भाच्याने शिक्काही मारला आणि फाइलही ठेवली. मला विचाराल तर दोन्हीत मामांची फाइल मोठी. शिक्का चूक झाल्यावर हरकत घेतो, फाइल ती व्हायच्या आधीच दिसते, आणि ती वाचायला लिनक्स यावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशीचा वाद जास्त चिवट होता. दुकानात तीन कॉम्प्युटर आहेत. एकावर विंडोज १०, नव्यावर विंडोज ११ प्रो, आणि कोपऱ्यात स्टिकर कापायचा जुना प्लॉटर चालवणारं एक्सपी. प्लॉटरचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे निघालाच नाही, आणि प्लॉटर मात्र अजून केसभर चुकत नाही.

मामा : नवीन कॉम्प्युटर म्हणतो पासवर्ड दे. कोपऱ्यातला म्हणतो मला डबी कळतच नाही. तुझ्या डबीला दोघांशी बोलता येत नसेल तर काय उपयोग?

भाचा : दोघांच्या मधे तेवीस वर्षं आहेत मामा. एक्सपी २००१ चं, त्याला फक्त एसएमबी-१ येतं. सांबाने २०१९ च्या ४.११ या आवृत्तीपासून ते मूळच्या सेटिंगमध्ये बंद ठेवलंय. आणि तुमच्या विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती उलट बाजूने कडक आहे. तिला प्रत्येक निरोपावर सही लागते आणि बिननावाचा पाहुणा चालत नाही. पाहुण्याला पासवर्ड नसतो, म्हणून सही करता येत नाही, म्हणून ती त्याला दारातच अडवते.

मामा : मग एक्सपीसाठी जुनं दार उघड की. सेटिंगमध्ये एक ओळ तर लिहायची.

भाचा : दोन. एक जुन्या भाषेची आणि एक जुन्या पासवर्ड पद्धतीची. आणि दोन्ही मी लिहिणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा घातक प्रोग्रॅम याच एसएमबी-१ मधल्या भोकातून पसरला. इंग्लंडमध्ये हॉस्पिटलांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरमध्ये शिरला की शेजारचे तो स्वतःच शोधायचा.

मामा : ते भोक विंडोजमधलं, सांबातलं नाही. आणि ते बुजवलंही होतं, पेपरात वाचलंय मी. माझं एक्सपी इंटरनेटवर नाही. त्याला कोण शोधत येणार?

भाचा : राउटर एकच आहे. ज्या मशीनवर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात, तेही त्याच राउटरवर आहे.

मामा : बरं, मग एक्सपीची वायरच काढ. कटिंगच्या फाइली दिवसाला चार येतात. त्याला एक वेगळा पेनड्राइव्ह दे, लाल रंगाचा, तो दुसऱ्या कशाला लावायचा नाही. चार फाइलींसाठी तू सुरक्षा नि मी सोय म्हणून भांडतोय.

दोन वेगवेगळे सर्व्हर, वेगळं नेटवर्क, एक्सपी आभासी यंत्रात घालणं असे तीन बेत भाच्याच्या डोक्यात तयार होते. वायर काढणं हा चौथा त्याला सुचला नव्हता. ज्याला जोडता येतं त्याला तोडणं सहसा सुचत नाही.

पासवर्डचं मात्र भाच्याच्या मनासारखं झालं, अर्धंमुर्धं. त्याला प्रत्येक ऑपरेटरला वेगळं नाव हवं होतं. मामांनी ‘दुकान’ हे एकच नाव मान्य केलं, पण जुन्या कामांचं फोल्डर त्या नावाला फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही, ही अटही मान्य केली. जुन्यातलं काढून घ्यायचं आणि ‘चालू कामं’ या फोल्डरात बदलायचं. यातही पोरांनी आधी स्वतःच्या कॉम्प्युटरचा चार आकडी पिन टाकून पाहिला. तो त्या कॉम्प्युटरपुरता असतो, डबीला त्याचा पत्ता नसतो. सांबाची पासवर्डची वही लिनक्सच्या वहीपेक्षाही वेगळी असते, तिच्यात नाव वेगळं चढवावं लागतं. आणि विंडोज जुना चुकीचा पासवर्ड मनात धरून बसतं, तो त्याच्या साठवणीतून पुसल्याशिवाय नवा कितीही बरोबर टाकला तरी काही वेळा घेत नाही.

मामा : आता हे बघ. पालखीची पत्रिका सेव्ह होत नाही. काल त्याच फोल्डरात झाली होती.

निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना नगरमधून जाते, तिच्या स्वागताची पत्रिका. फाइलचं नाव होतं ‘संत निवृत्तिनाथ महाराज पालखी सोहळा स्वागत समिती अहिल्यानगर कार्यक्रम पत्रिका अंतिम प्रत’. प्रूफ तपासून आलं तेव्हा ऑपरेटरने नेहमीप्रमाणे ‘अंतिम दुरुस्त प्रत’ केलं, आणि अडलं.

भाचा : परवानगी ठीक आहे, जागा आहे... अरे. नाव लांब झालं.

मामा : शंभर अक्षरंसुद्धा नाहीत. माझ्या डेस्कटॉपवर हेच नाव चालतं.

भाचा : विंडोज अक्षरं मोजतं, २५५ पर्यंत. लिनक्स बाइट मोजतं, तेही २५५. इंग्रजीचं अक्षर एका बाइटचं, देवनागरीचं तीन. आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह, सगळी वेगळी मोजली जातात. तुमचं कालचं नाव २४३ बाइटचं होतं. ‘दुरुस्त’ आणि एक मोकळी जागा घातली की बावीस वाढले, २६५ झाले.

मामा : म्हणजे हीच पत्रिका इंग्रजी नावाने ठेवली असती तर शंभरात भागलं असतं.

भाचा : हो.

मामा : तुझ्या डबीचं हे मला पटलेलं नाही, लिहून ठेव.

ते भाच्यालाही पटलेलं नव्हतं. पण मर्यादा डबीची नाही, लिनक्सच्या मुळातली आहे, महागडा तयार सर्व्हर आणला तरी आत बहुधा लिनक्सच असतं आणि हीच भिंत लागते. मराठी नावं ठेवणाऱ्या कुणालाही ती कधीतरी लागणार, आणि कुठलाच एरर ती धड समजावून सांगत नाही.

मामा : एक सांग. १८४२ साली या नगरातून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. त्याचे जुने अंक जपलेत ते आजही उघडले की वाचता येतात. माझी पेजमेकरमधली फाइल आहे ना, तुझ्या डबीत सुखरूप आहे, पासवर्ड टाकून उघडतेसुद्धा, पण फॉन्ट नाही म्हणून नुसते चौकोन दिसतात. मग शेअर होऊन काय झालं?

भाचा : त्याला सांबा काय करणार? पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. त्या फाइली युनिकोडमध्ये आणायच्या तर बसून आणायला लागतील.

मामा : म्हणूनच म्हणतो, तयार डबा विकत घे, नाहीतर सगळं ऑनलाइन टाक. बिघडलं की ज्याचं त्याला बोलवू. तू पुण्याला गेलास की इथे हे कळणारं कोण आहे?

भाचा : तयार डब्यातही सांबाच असतं बहुतेक. आणि फ्लेक्सच्या दोनशे-तीनशे एमबीच्या फाइली दिवसभर ऑनलाइन चढवत-उतरवत बसाल? सांबा लिहिणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ च्या सुमाराला कॅनबेऱ्यात वायरीवरून काय जातंय ते बघून बघून हे उलगडलं होतं. आपल्याला तर फक्त लाल दिवा बघायचाय.

मामा : तो दिवा मीच बघितला होता. अर्थ तुला माहीत होता. तो अर्थ कागदावर लिही. कीबोर्ड लागेल असं काही लिहू नकोस.

कागद तयार झाला. राउटर चालू आहे का. डबीचा लाल दिवा न विझता जळतोय का. चार्जर तिचाच आहे का. डिस्कला हात लावला तर फिरल्याची थरथर लागते का. ‘डिस्क लागली आहे’ दिसतं का. भाच्याने सहावी ओळ लिहिली होती, सांबाचा लॉग कसा बघायचा याची. मामांनी ती खोडली आणि तिथे त्याचा फोन नंबर घातला.

भाचा : एक राहिलं. ही डिस्कच मेली तर यातलं काहीही कामाचं नाही. दुसरी डिस्क घ्या. दर शनिवारी रात्री डबी स्वतःच सगळं तिच्यावर उतरवेल, पण रविवारी ती डिस्क दुकानातून हलली पाहिजे. घरी न्यायची आणि पुढच्या शनिवारी आणायची.

मामा : घरी कोण नेणार?

भाचा : तुम्ही.

मामा : मी विसरणार. तुझ्या मामीला सांग, ती विसरू देत नाही.